जमिनीपर्यंत, अलगद

पुरुषांच्या लांब वॉर्डात कुणी म्हणून पडत नसे. पेशंट 'बसत'. संडासाच्या दाराशी बसत, खाटेवरून उतरताना बसत, एखादा तर कपाळाला टेंगूळ येईपर्यंत बसे, पण पडत मात्र कुणी नसे. कारण साधं होतं. पडला म्हटलं की इन्चार्ज सिस्टरला लेखी खुलासा द्यावा लागे, आणि खुलासे लिहायची हौस कुणाला असते?

मावशीला या लपवाछपवीची गरज कधी वाटली नव्हती. ती वॉर्डातली सर्वांत जुनी मदतनीस. वजन अठ्ठेचाळीस किलो, आवाज मात्र जिन्यापलीकडच्या वॉर्डात पोचणारा. सव्वीस वर्षं ती पेशंटना सकाळ-संध्याकाळ चालवत आली होती. पेशंटच्या कमरेला रुंद सुती पट्टा बांधायचा, आपण त्याच्या दुबळ्या बाजूला अर्धं पाऊल मागे राहायचं आणि गप्पा मारत मारत दारापर्यंत न्यायचं. चालता चालता एखाद्याचा गुडघा दगा देई, मग ती त्याला आपल्या मांडीवरून घसरवत हळूच खाली टेकवी. याला तिचा शब्द होता 'उतरवणं'. जसा शेगडीवरून टोप उतरवावा, तसा माणूस उतरवायचा.

"माझ्या हातून आजवर एक माणूस पडलेला नाही," असं ती प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगून टाकी. डॉक्टरने विचारलेलं नसलं तरी.

मग तिची भाची आली.

वॉर्डात तिला सगळेच मावशी म्हणत, पण ही खरीखुरी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. शास्त्राची पदवी घेतलेली, गुण भरपूर, अंगावर मांस नाही. याच हॉस्पिटलात रुग्णसुरक्षेच्या नोंदी ठेवायच्या कामावर तिची नेमणूक झाली आणि ती मावशीच्याच घरी राहायला आली. पहिल्या दिवशी तिने मापायची टेप काढून सगळ्या खाटांची उंची मोजली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खाटेपासून संडासाचं अंतर मोजलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डाने तिचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं. त्यावर सर्वांत मोठ्याने हसली ती मावशीच.

चौथ्या दिवशी मात्र तिचं हसू मावळलं. फूटपट्टीने वॉर्डातल्या सगळ्यांना टेबलाभोवती जमवलं आणि एक कागद वाचून दाखवला. रुग्ण इच्छेविना जमिनीवर किंवा कुठल्याही खालच्या पातळीवर आला, तर ते पडणं समजावं. इजा झाली असो वा नसो, कुणी पाहिलं असो वा नसो, कुणी धरलेलं असो वा नसो. आणि या नोंदीवरून कुणाकडेही खुलासा मागितला जाणार नाही.

"थांब गं," मावशी म्हणाली. "मी धरून खाली टेकवला तर?"

"त्याने खाली बसायचं ठरवलं होतं का?"

"ठरवतोय कसला! गुडघा विचारून वाकतो होय?"

"मग पडला. इथे वेगळा रकाना आहे बघ, 'मदतीसह पडला'."

"मदतीसह!" मावशीने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे माणसाला पाडायला मी मदत केली?"

सगळ्या फिसकन हसल्या. भाची हसली नाही. तिला आपल्या कागदातलं वाक्य बरोबर वाटत होतं, आणि बरोबर वाक्य मागे घ्यायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

महिनाभर नोंदी झाल्या. खुलासा नाही म्हटल्यावर वॉर्डातले बसणारे भराभर पडू लागले. महिनाअखेर आकडा निघाला सोळा. त्यातले पाच जण एकटे असताना पडले होते. उरलेले अकरा 'मदतीसह', आणि अकराही नोंदींपुढे मदत करणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव, मावशी.

त्या संध्याकाळी घरी मावशीने भाचीच्या पुढ्यात चहा ठेवला तो न बोलता. दुसऱ्या दिवशीही तसाच. मावशीचे यजमान, भाचीचे काका, शिलाई मशीनवर बसलेले असत. ते शिंपी, आणि वॉर्डातले कमरपट्टे त्यांच्याच हातचे, तिहेरी शिवणीचे. दोन दिवस त्यांनी हा मौनाचा संसार पाहिला आणि तिसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "काय गं फूटपट्टी, तुझ्या मावशीचं तोंड बंद पडलंय. त्याचीही नोंद करतेस का? इजा झालेली नाही, उलट घरात शांतता आहे."

"तुम्ही मशीन चालवा," मावशी म्हणाली. निदान बोलली.

पण खरा घाव अजून बसायचा होता. सोळाचा आकडा वर गेला. आजवर दर महिन्याला शून्य पाहायची सवय असलेल्या मोठ्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि त्याच दिवशी आदेश काढला. पुढील निर्णय होईपर्यंत या वॉर्डातल्या पेशंटना चालवू नये. खाटांचे दोन्ही कठडे सदैव वर ठेवावेत. पंधरा दिवसांनी बैठक घेऊन हे कायमचं करायचं की कसं, ते ठरवू.

मोठे डॉक्टर वाईट नव्हते. भारी देहाचे, भारी आवाजाचे आणि साध्या गणिताचे माणूस होते. उभाच राहिला नाही तर पडेल कसा?

मावशीने आदेश वाचला आणि खुंटीवरचे पट्टे काढून कपाटात ठेवले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते पट्टे दिवसा कपाटात गेले.

आठवड्याभरात वॉर्डाचा रंग बदलला. कठड्यांमागे माणसं पडून राहिली, आणि पडून राहिलेली माणसं भराभर म्हातारी होतात. सात नंबरच्या खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर होते, मावशी त्यांना गुरुजी म्हणे. लकव्याने त्यांचा डावा पाय ओढायचा. महिनाभर झगडून मावशीने त्यांना खाटेपासून दारापर्यंत आणलं होतं. वीस पावलं. एकट्याने बाथरूमपर्यंत जाता आलं की घरी, असा त्यांचा करार ठरला होता. आता तोच पाय चादरीखाली सुकत चालला होता. मावशी रोज पोटरीला हात लावून पाही आणि चादर सारखी करी.

"मावशी," हेडमास्तर म्हणाले, "आम्ही शाळेत दंगा करणाऱ्या पोरालाच फक्त बाकावर खिळवून ठेवायचो. मी काय केलंय?"

"तुम्ही काही नाही केलं, गुरुजी. माझेच अकरा मार्क कमी पडले."

आदेशाच्या नवव्या दिवशी, दुपारी दोनला दहा कमी असताना, हेडमास्तरांनी चांगला पाय कठड्यावर टाकला, स्वतःला वर ओढलं आणि पलीकडे जाऊन कोसळले. खाटेवरून नव्हे, खाट अधिक कठडा एवढ्या उंचीवरून. कपाळाला चार टाके पडले. मनगट मुरगळलं.

मावशी तेव्हा त्याच वॉर्डात, पंधरा पावलांवर उभी होती. ही गोष्ट तिला टाक्यांपेक्षा जास्त टोचली.

संध्याकाळी कपाळावर पट्टी बांधलेल्या हेडमास्तरांच्या उशाशी ती स्टूल घेऊन बसली. भाची मागे कागद घेऊन उभी होती.

"गुरुजी, उठायचं होतं तर घंटा का नाही वाजवलीत? उशाशीच तर आहे."

"लघवीची गोळी बाराला देतात. दोनपर्यंत जीव कळवळतो."

"मग घंटा वाजवायची!"

"वाजवणार होतो," हेडमास्तर जरा लाजून म्हणाले. "पण तुम्ही सगळ्या टेबलापाशी उभ्या होतात. एक सांगत होती, बाकीच्या ऐकत होत्या. चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, वर्ग चालू असताना मध्ये बोलायचं नाही. आता मीच कसा मोडू?"

मावशी मागे वळली. भाचीचा चेहरा दिवा लागल्यासारखा झाला होता.

दोन वाजता पाळी बदलते. सकाळच्या सिस्टर दुपारच्यांना एकेका पेशंटची हकीकत सांगतात, त्याला वॉर्डात 'ओव्हर देणं' म्हणतात. पावणेदोन ते सव्वादोन सगळ्या जणी टेबलाभोवती, पाठी खाटांकडे. भाचीने घाईने कागद चाळले. एकट्याने पडलेले पाच. त्यातले चार याच अर्ध्या तासातले. तिने ही वेळ आधीच पाहिली होती. पण फरशी तेव्हा ओली असते का, चपला कुठल्या, गोळी कुठली, असल्या गोष्टी ती मोजत बसली होती. माणसं भिडेखातर पडतात, हा रकाना तिच्या कागदात नव्हता.

"मावशी, चालण्यामुळे कुणीच पडत नाहीये," ती भरभर बोलू लागली. "तू चालवताना अकरा वेळा पडले, पण एकालाही खरचटलेलं नाही. जे एकटे पडले, त्या सगळ्यांना लागलंय. आणि ते चालवल्यामुळे नाही पडले, आपण पाठ फिरवल्यामुळे पडले."

"हे मला कळतं गं. साहेबांना कोण सांगणार?"

"आपण दोघी."

बैठकीच्या आदल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरने दोघींना बाजूला घेतलं. बाई चांगली होती आणि मावशीवर तिचा जीव होता.

"हे बघ, फूटपट्टी," ती हळू आवाजात म्हणाली, "मावशीचे अकरा गाळून टाक. धरून खाली टेकवला, त्याला काय पडणं म्हणायचं? पाचच दाखव. साहेबही शांत होतील आणि मावशीचं सव्वीस वर्षांचं नावही राहील."

पहिल्यांदाच भाचीपाशी बरोबर वाक्य नव्हतं. तिने मावशीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढं होतं, की तू म्हणालीस तर मी गाळीन.

मावशीने ते ओळखलं. पोरगी आपल्यासाठी आपला कागद वाकवायला तयार आहे, हे पाहून तिच्या मनातला महिन्याभराचा सल कुठल्या कुठे गेला. तिने कागद हातात घेतला, अकरा ओळींवरून एकेक करून बोट फिरवलं. तो बोटं थरथरणारा बँकेतला कारकून. तो गवंडी, जो खाली जाता जाता तिलाच म्हणाला होता, 'सांभाळून हं'. दोनदा हेडमास्तर. एकेकाचं वजन तिच्या मांडीला आठवत होतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "गाळू नका. माझं सगळं काम या अकरांतच आहे. हे पाच माझे नाहीत, ते कुणाचेच नाहीत, म्हणून तर पडले. हे अकरा माझे. उद्या माझ्या नावासकट वाचा."

बैठक वॉर्डातच, टेबलापाशी झाली. भाचीने वाचायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज कापत होता. पण आकडे यायला लागले तसा तो सरळ झाला. पावणेदोन ते सव्वादोन. गोळीची वेळ. घंटेचा संकोच. कठड्यावरून पडलेला माणूस दीड हात जास्त उंचीवरून पडतो. मावशी मागे उभी राहून ऐकत होती. तिला निम्मे शब्द नवे होते, पण ते तिच्या बहिणीच्या पोरीच्या तोंडून येत होते, आणि एवढा मोठा डॉक्टर मान खाली घालून लिहून घेत होता. मावशीने पदर उगाचच नीट केला.

"ओव्हरचं पटलं," मोठे डॉक्टर म्हणाले. "दीड वाजता सगळ्यांना विचारून संडासला नेऊन आणा, आणि ओव्हर चालू असताना एकीने तोंड खाटांकडे करून उभं राहायचं. आजपासूनच. पण चालवण्याचं काय? अकरा पडले, मावशी. लागलं नाही हे नशीब. नशिबावर मी वॉर्ड चालवू?"

मावशी पुढे आली.

"नशीब नाही, साहेब. हात आहे."

"म्हणजे?"

"सांगून कळणार नाही. तुम्ही पडा."

इन्चार्ज सिस्टरने डोळे मिटून घेतले.

"मी ब्याण्णव किलोचा आहे, मावशी."

"गुरुजी शहाऐंशीचे होते, साहेब. सहा किलोंनी काय होतंय? ते तर तुमच्या जेवणानंतरचे."

कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. मोठ्या डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग अंगातला पांढरा कोट काढून खुर्चीला अडकवला. मावशीने कपाटातून पट्टा आणला. तो काकांच्या शिवणीचा पट्टा डॉक्टरांच्या कमरेला जेमतेम पुरला. ती त्यांच्या डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागे उभी राहिली. दिसली अशी, जशी गोदामाच्या दाराला टेकवून ठेवलेली छत्री.

"चला. बोलत राहा. मनात येईल तेव्हा गुडघा सोडा. मला सांगू नका."

दोघं चालू लागली. खाटांवरचे पेशंट कोपरांवर उठले. हेडमास्तर कठड्याला धरून बसते झाले. सहा पावलं, सात पावलं. डॉक्टर म्हणत होते, "तुम्हाला नातवंडं किती?" आणि दोनची खूण करायला मावशीने मोकळा हात वर केला, नेमका तेव्हाच, अगदी लबाडीने, त्यांनी पाय सोडला.

मावशीने त्यांना वर ओढायचा प्रयत्नच केला नाही. सगळे तिथेच चुकतात. पडणाऱ्याला उभं ठेवायला जातात आणि दोघंही आपटतात. तिचा मागचा पाय आणखी मागे गेला, पट्टा तिच्या अंगाशी आला, डॉक्टरांची पाठ तिच्या मांडीला लागली आणि ब्याण्णव किलो त्या मांडीवरून खाली सरकत गेले, ओल्या उतारावरून पोतं सरकावं तसे. शेवटी तिचा तळहात त्यांच्या डोक्यामागे होता. फरशीवर आवाज झाला तो फक्त त्यांच्या किल्ल्यांचा. चष्मा नाकावर जिथल्या तिथे.

डॉक्टरांनी जमिनीवरूनच मान वर करून मावशीकडे पाहिलं.

"मी फसवून पडलो होतो," ते म्हणाले.

"सगळे फसवूनच पडतात, साहेब. आधी कळवतो कोण?"

सात नंबरच्या खाटेवरून टाळी ऐकू आली. एकाच तळव्याने मांडीवर मारलेली, कारण दुसरं मनगट बांधलेलं होतं. मग सगळा वॉर्ड वाजायला लागला. भाची टाळ्या वाजवत नव्हती. ती टेबलापाशी वाकून लिहीत होती. तारीख, वेळ, मदतीसह, इजा नाही. लिहिता लिहिता तिने नाक पुसलं.

"कुणाचं नाव टाकतेस?" डॉक्टरांनी खालूनच विचारलं.

"तुमचं, सर. तुमची इच्छा होती, म्हणून नियमाने हे पडणं नाही. पण मला हे कुठेतरी लिहून ठेवायचंय."

डॉक्टर हसले. त्यांना उठवायला दोघी लागल्या. उठवणं ही वेगळी विद्या. उभे राहिल्यावर त्यांनी कोट घातला, आदेशाचा कागद मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. पेशंटना पूर्ववत चालवावं. पुढच्या सोमवारपासून बाकीच्या वॉर्डांतल्या मदतनिसांनी हे काम शिकायला इथे यावं.

"शिकवणार कोण म्हणून लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा, मावशी," भाची म्हणाली. मग लगेच तिने सावरून घेतलं, "नाही, सर. पूर्ण नाव लिहा. मी सांगते." आणि तिने मावशीचं नाव, पहिल्या नावापासून आडनावापर्यंत, अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. सव्वीस वर्षांत त्या टेबलावर ते नाव कुणी पूर्ण उच्चारलं नव्हतं. मावशीलाच ते क्षणभर दुसऱ्या कुणाचं वाटलं, कुणीतरी मोठ्या बाईचं.

दुपारी दीड वाजता दोघी मदतनीस खाटाखाटांवर जाऊन विचारत फिरल्या. पावणेदोनला ओव्हर सुरू झाली आणि सगळ्यांत तरुण सिस्टर टेबलाकडे पाठ करून, हाताची घडी घालून, तोंड खाटांकडे करून उभी राहिली. परीक्षेला पर्यवेक्षिका असते तशी. सव्वादोन वाजले. घंटा दोनदा वाजली. कुणी पडलं नाही.

संध्याकाळी मावशीने हेडमास्तरांच्या खाटेचा कठडा खाली केला, पट्टा बांधला. भाची कागद घेऊन बाजूने निघाली. पंधरा दिवसांत पाय चालणं विसरला होता. पहिली चार पावलं फरशीवर घासत गेली. बाराव्या पावलाला गुडघा थरथरला. मावशीची मांडी लगेच पुढे आली, पण गुडघा सावरला. दारापाशी पोचल्यावर हेडमास्तर थांबले, धापा टाकत बाहेरचा लांब व्हरांडा पाहत राहिले.

"बस का, गुरुजी?"

"नाही. त्या खिडकीपर्यंत."

खिडकी आणखी सात पावलांवर होती. ती चढण चढल्यासारखी चढून झाली. हेडमास्तरांनी खिडकीच्या चौकटीवर तळवा टेकवला आणि मान ताठ केली, जणू खाली मैदानात अख्खी शाळा रांगेत उभी आहे.

"लिही गं," मावशी म्हणाली. "सत्तावीस पावलं."

भाचीने कागद उलटसुलट करून पाहिला. किती वाजता पडला, कुठे पडला, कसा पडला, लागलं का, सगळं होतं.

"मावशी, यात पावलांचा रकानाच नाही."

"मग आख की," मावशी म्हणाली, आणि खिडकीपाशी पट्टा घट्ट धरून तो रकाना आखून होईपर्यंत उभी राहिली.